दूध, झोप आणि होकार

मुलीला मैदानावर सोडायला आलेले आई-बाबा एक प्रश्न हमखास विचारतात, "मॅडम, हिचं यात काही होईल का?" कुणी पहिल्याच दिवशी विचारतं, कुणी सहा महिने कळ काढून. मी मुलींना हॉकी शिकवते आणि हा प्रश्न मला कधी टोचत नाही, कारण तो काळजीतून आलेला असतो. पण अकरा-बारा वर्षांच्या मुलीकडे बघून त्याचं उत्तर कुणालाही देता येत नाही. "तुमची मुलगी नक्की इंडिया खेळणार" असं जो छातीठोक सांगेल, त्याच्यापासून चार हात लांब राहा. मी आज तुम्हाला एका घराबद्दल सांगणार आहे. त्या घरातली मुलगी पुढे भारताची कप्तान झाली, पण मला जास्त बोलायचंय ते तिच्या आई-वडिलांबद्दल.

हरियाणात कुरुक्षेत्र जिल्ह्यात शाहाबाद मारकंडा नावाचं गाव आहे. तिथे रामपाल नावाचे गृहस्थ गाडा ओढून दिवसाला 80 रुपयांच्या आसपास कमवत. बायको लोकांच्या घरी कामाला जायची. दोन वेळचं जेवण मिळेलच याची खात्री नव्हती, वीज सारखी जायची, डास कानाशी गुणगुणत असायचे. या घरातल्या मुलीनं, राणीनं, जवळच्या मैदानावर मुलींना हॉकी खेळताना पाहिलं आणि हट्ट धरला. वडिलांकडे स्टिक घेण्याइतके पैसे नव्हते. तिथल्या प्रशिक्षकांनीही आधी नाहीच म्हटलं. पोरगी कुपोषित दिसत होती, सराव झेपणार नाही असं त्यांचं म्हणणं. तिनं पडलेली एक तुटकी स्टिक उचलली आणि सलवार-कमीज घालून खेळायला लागली. ते प्रशिक्षक म्हणजे बलदेव सिंग. पुढे त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला आणि टोकियो ऑलिम्पिकच्या भारतीय संघात त्यांच्या मैदानावरच्या तीन मुली होत्या, राणी रामपाल, नवज्योत कौर आणि नवनीत कौर.

घरून होकार सहज मिळाला नाही. मुलींनी घरकाम शिकावं, हेच त्या घराला ठाऊक होतं. नातेवाईक म्हणायचे, ही आखूड स्कर्ट घालून मैदानभर पळणार आणि घराण्याचं नाव घालवणार. राणीनं आई-वडिलांना विनवलं की मला एकदा जाऊ द्या, नाही जमलं तर तुम्ही म्हणाल ते करीन. त्यांनी जड मनानं हो म्हटलं. हा होकार जड होता हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांना हॉकी कळत नव्हती, मुलगी यातून पुढे काय होणार याची कल्पना नव्हती, आजूबाजूला विचारावं असं कुणी नव्हतं. तरी एकदा हो म्हटल्यावर त्यांनी तो शब्द पाळला.

कसा पाळला, ते राणीनं स्वतःच सांगितलं आहे. सराव पहाटे असायचा आणि घरात घड्याळ नव्हतं. मग तिची आई रात्री जागी राहून आकाशाकडे बघायची, आणि उजाडायच्या आधी लेकीला उठवायची. माणूस दिवसभर दुसऱ्याच्या घरची भांडी घासून येतो, त्याला रात्री पाठ टेकली की डोळा लागतो. त्या बाईनं तो डोळा लागू दिला नाही, का, तर लेकीला मैदानावर पोचायला उशीर होऊ नये. तिनं कधी विचारलं नसेल की आज किती गोल केलेस. तिला गोल म्हणजे काय हेही तेव्हा नीट माहीत असेल की नाही, कोण जाणे.

दुधाची गोष्ट याहून अवघड आहे. अकादमीत प्रत्येक मुलीनं रोज अर्धा लिटर दूध आणायचं आणि प्यायचं, असा नियम होता. राणीच्या घरी 200 मिलीपेक्षा जास्त घेणं परवडत नव्हतं. ती कुणाला न सांगता त्यात पाणी घालून न्यायची. पुढे बलदेव सिंग यांनी तिला किट दिलं, बूट दिले, आपल्या घरी ठेवून घेतलं आणि तिच्या खाण्यापिण्याकडे लक्ष दिलं. एका स्पर्धेत तिला 500 रुपये बक्षीस मिळाले, ते तिनं आणून वडिलांच्या हातावर ठेवले. त्यांनी तोवर एवढे पैसे एकदम हातात धरले नव्हते.

तुम्ही म्हणाल, आमची परिस्थिती तशी नाही. बरोबर आहे. आपल्या बहुतेकांच्या घरात घड्याळं आहेत आणि दूधही आहे. झोप मात्र नाही. मुलगी शाळेतून येते, क्लासला जाते, साडेआठला घरी, मग गृहपाठ, मग मोबाइल, अकरा कधी वाजले ते कळत नाही. आणि सकाळी साडेपाचला तिनं टर्फवर वाकून पळावं अशी आपली अपेक्षा. मला सराव सुरू झाल्यावर पाच मिनिटांत कळतं कोण झोपून आलंय आणि कोण नाही. न झोपलेल्या मुलीची स्टिक जमिनीवर टेकतच नाही. ती चेंडू येण्याची वाट बघत उभी असते, चेंडू आला की मग वाकते, तोवर तो निघून गेलेला असतो. घरातल्या सगळ्यांनी आठला जेवून घेतलं आणि साडेनऊला दिवे घालवले, तर मी शिकवते त्यातलं निम्मं तिच्या अंगात आपोआप उतरेल. याला पैसे लागत नाहीत, पण सगळ्या घराला आपल्या सवयी बदलाव्या लागतात, म्हणून ते अवघड जातं.

खाण्याचंही तसंच. भाकरी, उसळ, अंडी, शेंगदाण्याची चिक्की, खजूर, केळं, ताक. वयात येणाऱ्या मुलींना रक्त कमी पडतं, तेव्हा वर्षातून एकदा तपासून घ्या. डब्यातली पावडर कुणी सुचवली, जिममधल्या दादानं म्हणा किंवा मैत्रिणीच्या बाबांनी म्हणा, तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय मुलीच्या तोंडात घालू नका. राष्ट्रीय स्पर्धेत उत्तेजकांची चाचणी होते आणि शरीरात जे सापडतं त्याची जबाबदारी खेळाडूची असते. आईनं दिलं होतं, हे उत्तर तिथे सहसा पुरत नाही.

आता स्टिकबद्दल, कारण खरेदीला जायच्या आधी बरेच जण मला फोन करतात. हॉकीच्या स्टिकची एकच बाजू सपाट असते आणि चेंडू त्याच बाजूनं खेळायचा असतो. डाव्या हाताची स्टिक असा प्रकार नसतो. तुमची मुलगी डावखुरी असली तरी डावा हात वर, उजवा खाली, हीच पकड तिलाही शिकायची आहे, आणि ती शिकते. स्टिक तिच्या कमरेपर्यंत यावी. पुढच्या वर्षी उंची वाढेल म्हणून मोठी घेऊ नका, लांब स्टिक घेतलेली मुलगी वाकायचं टाळते आणि ती सवय मोडायला फार वेळ जातो. शिनगार्ड आणि माउथगार्ड यात काटकसर नको. चेंडू दगडासारखा कडक असतो.

आणि कंबर. हा खेळ वाकून खेळायचा आहे, तासन्‌तास. मुली दुखणं लपवतात, संघातून काढतील या भीतीनं. मैदानावर त्या माझ्यापासून लपवतात, घरी तुमच्यापासून लपवणं त्यांना जड जातं. बुटाची लेस बांधताना ती उभ्यानं वाकते की आधी पाय पलंगावर ठेवते, सकाळी उठताना एका कुशीवर वळून हाताचा आधार घेते का, एवढं बघा. असं दिसलं तर मला सांगा. मी तिला रागावणार नाही. दोन आठवडे विश्रांती दिली तर तिचं काही बिघडत नाही. दुखणं दाबून वर्षभर खेळली तर मात्र बिघडतं.

आता तुमच्या त्या प्रश्नाकडे येते. शाळा, जिल्हा, राज्य, राष्ट्रीय स्पर्धा, तिथून ज्युनियर शिबिर, मग सीनियर शिबिर, आणि शेवटी ऑलिम्पिकचा 16 जणींचा संघ. अख्ख्या देशातून 16. आपल्याकडून पोचणाऱ्या मुली आहेत. सातारा जिल्ह्यातून वैष्णवी फाळके, अक्षता ढेकळे, ऋतुजा पिसाळ यांनी भारताची जर्सी घातली आणि त्या कुठल्या महानगरातून आलेल्या नव्हत्या. मुलांमध्ये खडकीच्या धनराज पिल्ले यांचं नाव तुम्हाला मी सांगायला नको. चार ऑलिम्पिक आणि चार विश्वचषक खेळले ते, आणि त्यांचे वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या मैदानाची देखभाल करायचे. पण पोचलेल्यांची नावं सांगताना न पोचलेल्यांची संख्या मी तुमच्यापासून लपवणार नाही. बहुतेक मुली राज्यापर्यंत खेळतात, काही राष्ट्रीय स्पर्धेपर्यंत. हे माहीत असूनही तुम्ही तिला खेळू देणार असाल तर पुढचं बोलू.

पोचलेल्यांचीही वाट कशी असते ते राणीचं बघा. 2010 मध्ये अर्जेंटिनातल्या रोसारिओला विश्वचषक झाला, तेव्हा ती 15 वर्षांची होती. सात गोल केले, स्पर्धेतली सर्वोत्तम तरुण खेळाडू ठरली. 2013 मध्ये जर्मनीत ज्युनियर विश्वचषकात भारताला ब्राँझ मिळालं, तिथेही सर्वोत्तम खेळाडू तीच. मग 2016, रिओ. भारतीय महिला 36 वर्षांनी ऑलिम्पिकला पोचल्या आणि बाराव्या, म्हणजे शेवटच्या आल्या. घरी परतलेल्या मुलींना विमानतळावर कोण घ्यायला येतं अशा वेळी? आई-वडील येतात.

नोव्हेंबर 2019 चा भुवनेश्वरचा सामना मी मुलींना पुन्हा पुन्हा दाखवते. टोकियोची पात्रता, समोर अमेरिका, दोन सामन्यांच्या गोलांची बेरीज. पहिला सामना भारतानं 5-1 जिंकलेला. दुसऱ्यात मध्यंतरापर्यंत अमेरिकेचे चार गोल आणि आपला एकही नाही. बेरीज 5-5. कालच्या विजयाचं सगळं पुण्य अर्ध्या तासात संपलं होतं. आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत गोलसमोरच्या डीच्या आत राणीकडे चेंडू आला, तिनं तो उंच मारला. 6-5. भारत टोकियोला गेला. मुली गोल बघतात. मी त्यांना त्याच्या आधीचं मध्यंतर बघायला सांगते, आणि तुम्हालाही तेच सांगेन. चार गोल खाल्ल्यावर पुन्हा मैदानात उतरायचं बळ एका दिवसात येत नाही. शाळेच्या सामन्यात हरून आल्यावर घरात कसं वागवलं गेलं, तिथून ते येत असतं, असं माझं ठाम मत आहे.

टोकियोत भारत पहिले तीन सामने हरला. नेदरलँड्सकडून 5-1, जर्मनीकडून 2-0, ब्रिटनकडून 4-1. मग आयर्लंडला, दक्षिण आफ्रिकेला हरवलं आणि उपांत्यपूर्व फेरीत ऑस्ट्रेलियाला, 1-0. ऑलिम्पिकच्या उपांत्य फेरीत भारतीय महिला पहिल्यांदाच गेल्या. पदक एका गोलानं हुकलं, ब्रिटनविरुद्ध 4-3.

त्याच संघात हरिद्वारजवळच्या रोशनाबादची वंदना कटारिया होती. स्पर्धेच्या सुमारे दोन महिने आधी तिचे वडील गेले. ती बंगळुरूच्या शिबिरात होती, कोरोनाचे दिवस, ती घरी जाऊ शकली नाही. मुलीच्या खेळासाठी गावाचे टोमणे खाल्लेला तो बाप. तिनं टोकियोत दक्षिण आफ्रिकेविरुद्ध तीन गोल केले, ऑलिम्पिकमध्ये हॅटट्रिक करणारी ती पहिली भारतीय महिला हॉकीपटू. आणि संघ उपांत्य सामना हरल्यावर काही लोकांनी तिच्या घरासमोर जाऊन जातीवरून शिवीगाळ केली. हे मी तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. मुलगी खेळायला लागली की लोक घराच्या दारात येऊन बोलतात, कुणाकडे ओंगळपणे, कुणाकडे साखर लावून. "एवढी काळी कशाला होऊ दिलीत?" "हाफपँटमध्येच खेळायला लागतं का?" "उद्या लग्नाचं बघायला गेल्यावर?" हे मुलीच्या कानावर पडण्याआधी दारातच थांबवायचं काम तुमचं आहे, तिथे मी काही करू शकत नाही. आमच्याकडे तेरा-चौदाव्या वर्षी मुली गळतात, आणि त्यातल्या कितीतरी जणींचा खेळ चांगला चाललेला असतो.

टोकियोनंतर राणीला दुखापतीनं गाठलं. 2022 च्या विश्वचषकाच्या यादीत तिचं नाव नव्हतं. जिनं संघाला उपांत्य फेरीत नेलं, तिचं. 2023 च्या सुरुवातीला दक्षिण आफ्रिका दौऱ्यावर परत आली, गोलही केला, आणि नंतर पुन्हा यादीबाहेर. ऑक्टोबर 2024 मध्ये दिल्लीत तिनं निवृत्ती जाहीर केली तेव्हा तिचे 250 हून अधिक आंतरराष्ट्रीय सामने झाले होते आणि वय तिशीच्याही आत होतं. हॉकी इंडियानं तिची 28 क्रमांकाची जर्सी निवृत्त केली.

खेळाडूचं करिअर हे असं असतं. कधीतरी यादीत नाव नसतं, आणि तो दिवस प्रत्येकीच्या वाट्याला येतो, राणीच्याही आला. तुमच्या मुलीच्या वाट्याला तो कदाचित जिल्हा संघाच्या वेळीच येईल. यादी वाचून झाली की मुली एकमेकींकडे बघत नाहीत, किट आवरायला लागतात. जिचं नाव नाही ती शिनगार्डचे पट्टे नको तितका वेळ घेऊन सोडते. मग फाटकाबाहेर तुम्ही स्कूटर घेऊन उभे असता. तुम्हाला कळकळीनं सांगते, त्या स्कूटरवर हॉकीबद्दल एक शब्द बोलू नका. "ती अमुक कशी घेतली मग?" नको. "मी सरांशी बोलतो," नको. "जाऊ दे, अभ्यासाकडे लक्ष दे," हे तर मुळीच नको. घरी जा, गरम जेवण द्या. ती बोलेल तेव्हा ऐका. दुसऱ्या दिवशी सरावाला यायचं की नाही हे तिलाच ठरवू द्या. बहुतेक मुली येतात.

माझं ऐका आणि वयाचा दाखला खरा ठेवा. तुम्हाला कुणीतरी सांगेल की सगळे करतात, एक-दोन वर्षं कमी दाखवली तर सब-ज्युनियरमध्ये सहज निवड होईल. निवड होईलही. पण मग ती लहान मुलींना अंगबळावर हरवायला शिकते, हातातलं कौशल्य तिथेच थांबतं, आणि खरी बरोबरी सुरू होते तेव्हा तिच्याकडे काहीच उरत नाही. शिवाय आई-वडिलांनी आपल्यासाठी खोटं केलं, हे तिला कायम माहीत असतं.

अभ्यास सोडायला सांगणारा कोच मिळाला तर कोच बदला. रेल्वेसारख्या ठिकाणी खेळाडूंना नोकऱ्या मिळतात, पण त्यांनाही किमान शिक्षण लागतं. दहावी-बारावीच्या वर्षी सराव कमी करता येतो, मी स्वतः वेळापत्रक बसवून देते. पूर्ण बंद करू नका एवढंच. पंधराव्या-सोळाव्या वर्षी एक अख्खं वर्ष गेलं की परत येणारी मुलगी वेगळीच असते, पाय मागे पडलेले असतात आणि मैत्रिणी पुढे गेलेल्या.

राणी आता मुलींना शिकवते. 2023 मध्येच तिच्याकडे भारताच्या सब-ज्युनियर मुलींचा संघ दिला होता, म्हणजे तुमच्या मुलींच्या वयाच्या पोरी. तिनं लहानपणी घरच्यांना स्वतःच्या घराचा शब्द दिला होता, तोही पाळला. तिच्या नावापुढे आडनाव नाही, वडिलांचं नाव आहे.

एक गोष्ट राहिली. सगळं नीट करूनही एखाद्या दिवशी तुमची मुलगी म्हणेल, मला आता खेळायचं नाही. तेव्हा आधी पंधरा दिवस थांबा, कुणी काही बोललंय का, दुखतंय का, ते बघा. नसेल तर तिचं ऐका. एवढे पैसे घातले, एवढ्या पहाटे उठलो, असा हिशेब तिच्यासमोर मांडू नका. फक्त गुपचूप यायचं बंद करू नका. तिला मैदानावर घेऊन या, तिला स्वतः मला सांगू द्या. ती इतकी वर्षं माझ्याकडे खेळली आहे. त्या दिवशी सराव संपल्यावर मला तिच्यासोबत एक चक्कर मारायची आहे, तुम्ही तोवर बाकावर बसा, आणि मग तिला घरी घेऊन जा.